पुस्तकं घेण्याची वेळ

टॉर्कल मॅकॉलेच्या घरात दिवसातून दोनदा पुस्तकं घेतली जात, सकाळी न्याहारी झाल्यावर आणि संध्याकाळी जेवण उरकल्यावर. पुस्तकं घेणं म्हणजे काय, हे टोलव्हिग गावात कुणी कुणाला समजावून सांगत नसे. एक स्तोत्र गायचं, शास्त्रातला एक अध्याय वाचायचा, मग वळून आपापल्या खुर्चीपाशी गुडघे टेकायचे आणि घरच्या पुरुषाने प्रार्थना करायची. तीही मनातून आलेली. जगात कागदावरून प्रार्थना वाचून दाखवणारे लोक आहेत हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्यासाठीही गाव प्रार्थना करत असे.

लग्न होऊन कॅलमिना या घरात आली, त्याला बावन्न वर्षं झाली होती. बावन्न वर्षांत पुस्तकं एकदाही चुकली नव्हती. त्यांची मुलगी इशबेल जन्मली त्या संध्याकाळी टॉर्कलने खोलीच्या बंद दाराबाहेर बसून पुस्तकं घेतली. आत कॅलमिना ओरडत होती. त्या दिवशीचा अध्याय लांबलचक होता आणि त्याने त्यातली एक ओळ गाळली नाही. याबद्दल कॅलमिनाने त्याला माफ केलं होतं की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक.

कॅलमिना हे नावही तिला सहज मिळालेलं नव्हतं. बापाला मुलगा हवा होता आणि त्याचं नाव कॅलम ठेवायचं हे ठरलेलं होतं. मुलगी झाली. बापाने नावाला मागून शेपूट जोडलं आणि विषय संपवला. त्यांच्या लुइस बेटावर अशा शेपूटवाल्या बायका घरोघर सापडतात, त्यामुळे तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. फक्त आपण कुणाच्या तरी जागी आलोय, ही जाणीव मात्र जन्मभर राहिली. खुर्चीत बसतानासुद्धा ती अर्ध्याच खुर्चीवर बसत असे.

तर फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी प्रार्थना संपली, टॉर्कल गुडघे झटकून उठला, चहाचा दुसरा पेला प्याला, खिडकीतून समुद्राकडे बघितलं आणि पंधरा मिनिटांनी म्हणाला, "चल कॅलमिना, पुस्तकं घेऊ या."

कॅलमिनाच्या हातात ताटल्या पुसायचा फडका होता. आत्ताच तर घेतली, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण टॉर्कल मंडळीचा वडील होता, म्हणजे पाळकाच्या खालोखाल गाव ज्यांचं ऐकतं अशा सहा जणांपैकी एक. अशा माणसाला पुन्हा प्रार्थना करावीशी वाटली तर का, असं विचारायचं नसतं. काहीतरी ओझं असेल याच्या मनावर, असं म्हणून तिने फडका ठेवला आणि बसली.

मार्च उजाडेपर्यंत दोनाच्या चार वेळा झाल्या. टॉर्कलचा आवाज मोठा होता आणि स्तोत्र भिंतीपलीकडे जायचं. शेजारची पेगी-ॲन कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने कुंपणाशी आली.

"काल भर दुपारी गाणं ऐकू आलं तुमच्याकडून. कोण आजारी आहे गं?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय? टॉर्कलला वाटलं, घेतली."

पेगी-ॲनने आवाज खाली आणला. "माझ्या आजोबांचं अस्संच झालं होतं शेवटी शेवटी. कृपेत वाढत होते ते."

"किती वाढले?"

"सहा महिने. मग गेले."

बुधवारच्या प्रार्थनासभेत टॉर्कल उभा राहिला आणि चाळीस मिनिटं बोलला. मध्येच तो परत सुरुवातीला आला आणि पुन्हा तिथपासून निघाला. तिसऱ्यांदा सुरुवात झाली तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन बायकांच्या डोळ्यांना धार लागली. बाहेर पडताना दुसरे एक वडील, नॉर्मन नावाचे, टोपी घालत म्हणाले, "टॉर्कलला आज चांगलीच मोकळीक मिळाली होती." टोलव्हिगमध्ये प्रार्थनेची याहून मोठी स्तुती करत नाहीत.

दुसऱ्या कुठल्या गावात नवरा एकच गोष्ट दिवसातून पाच वेळा करायला लागला, तर बायको डॉक्टरकडे जाते. टोलव्हिगमध्ये तो कोणती गोष्ट करतो यावर ते अवलंबून. तीन महिने सगळं गाव टॉर्कलच्या आजाराकडे आदराने बघत राहिलं आणि कॅलमिनाही गावातलीच होती. त्याने चष्मा लोण्याच्या भांड्यात ठेवला तेव्हा ती म्हणाली, त्याचं लक्ष वरच्या गोष्टींकडे असतं हल्ली.

मे महिन्यातल्या एका रविवारी मात्र गावाचे डोळे उघडले. सकाळची उपासना आटोपून माणसं जेवत होती. रविवारी या गावात कुणी दोरीवर कपडेसुद्धा ठेवत नाही, बटाटे शनिवारीच सोलून ठेवतात. अशा त्या शांततेत टॉर्कलच्या पडवीतून खटाक्‌-खटाक्‌ आवाज सुरू झाला. टॉर्कल मागावर बसून लोकरीचं कापड विणत होता. चाळीस वर्षं त्याने त्याच मागावर पोट भरलं होतं आणि चाळीस वर्षांत शनिवारी रात्री बाराच्या पुढे त्याचा पाय कधी पायट्यावर पडला नव्हता.

घरोघरचे पडदे हलले. पाच मिनिटांत नॉर्मन आणि आणखी एक वडील पडवीच्या दारात उभे राहिले, काळ्या कोटात, एकाच्या तोंडात घास तसाच.

"टॉर्कल, आज वार कुठला?" नॉर्मनने विचारलं.

"सोमवार," टॉर्कल म्हणाला. त्याला घाई होती.

नॉर्मनने मागे उभ्या कॅलमिनाकडे बघितलं आणि तीन महिन्यांत कुणी न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं. "कॅलमिना, याला बरं नाही."

पुढचं सगळं लवकर झालं. डॉक्टरने टॉर्कलला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. टॉर्कलने गोल काढला, आत नीट बारा आकडे काढले आणि काटे काढायचे सोडून दिले. डॉक्टरने त्या चित्राला लांब नाव दिलं. कर्स्टी नावाची नर्स आठवड्यातून दोनदा यायला लागली. पोरगी चांगली होती, हात हलका, बोलणं भरभर.

"आजी, त्यांना नाही म्हणायचं नाही," कर्स्टी म्हणाली. "वाद घालायचा नाही. हळूच विषय बदलायचा."

"विषय देवाचा आहे," कॅलमिना म्हणाली. "कशात बदलू?"

कर्स्टीने थोडा विचार केला. "बिस्किट द्या."

बिस्किट दिलं. टॉर्कलने ते समोर ठेवलं, टोपी काढली, बिस्किटासाठी देवाचे आभार मानले आणि मग म्हणाला, चल, आता बसलोच आहोत तर पुस्तकंही घेऊन टाकू.

आता दिवसाला सात-आठ वेळा व्हायला लागलं. शास्त्र त्यांच्याकडे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचलं जायचं. सोपं-अवघड, गोड-कडू अशी निवड करायची नाही, ही टॉर्कलच्या आजोबांपासूनची शिस्त. वाचून झालं की लाल फीत पुढच्या अध्यायात सरकवायची. एरवी वीस महिन्यांत संपणारं शास्त्र त्या वर्षी पाच महिन्यांत संपलं. फीत सरकवायला टॉर्कलचा हात कधी विसरला नाही. बाकी त्याचं सगळं जात होतं, हे मात्र बोटांत राहिलं होतं.

कॅलमिनाचे गुडघे शहात्तर वर्षांचे होते. खाली जाताना एक आवाज करत, वर येताना दुसरा. दुपारच्या एका प्रार्थनेत खुर्चीच्या बैठकीवर डोकं टेकून ती झोपली आणि उठली तेव्हा बार्लीचं सूप करपून पातेल्याचं बूड काळं झालेलं. टॉर्कल अजून बोलतच होता. त्यालाही वास आला नव्हता. त्या दिवशी ती पहिल्यांदा घाबरली.

तिने पाळकसाहेबांना निरोप धाडला. ते तरुण होते, मुख्य भूमीवरून आलेले, दोन पदव्या आणि थंडीने कायम लाल झालेले कान. टॉर्कल खिडकीपाशी बसला होता. कॅलमिनाने चहा ओतला आणि कप पुढे करता करता विचारलं, "मी त्याला नाही म्हटलं तर चालेल का?"

"कशाला नाही?"

"प्रार्थनेला."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. माणसं प्रार्थना करत नाहीत, यावर त्यांच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. नियम कसा ठेवावा, मन लागत नसलं तरी गुडघे कसे टेकावेत, याच विषयावर ते गेले तीन रविवार बोलले होते. हा प्रश्न त्यांना कुणी शिकवला नव्हता.

"हे बघा," ते म्हणाले, "त्यांना आठवत नाही, हा दोष नाही. आणि प्रभू काही... म्हणजे एकदा केलेली प्रार्थनाही..."

"पाळकसाहेब आलेत का?" टॉर्कल खिडकीतून वळला. त्याचा चेहरा उजळला. "वा! पुस्तकं घेऊ या."

पुस्तकं घेतली. पाळकसाहेब पुन्हा खुर्चीत टेकले, चहाचा घोट घेतला. टॉर्कलने त्यांच्याकडे बघितलं, चेहरा उजळला. दुसऱ्यांदा पुस्तकं घेतली. तिसऱ्यांदा गुडघे टेकताना पाळकसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि ते कॅलमिनाने बघितलं, हेही बघितलं. दारात निरोप घेताना ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन."

"करा," कॅलमिना म्हणाली. "पण इथे येऊन नको."

पायऱ्या उतरता उतरता पाळकसाहेब थांबले. "आणि तुम्ही स्वतः? तुम्ही करता ना, तुमच्यापुरती?"

कॅलमिनाने दार लावून घेतलं. बावन्न वर्षं दर रविवारी दोनदा देवळात बसूनही ती कधी प्रभुभोजनाला, म्हणजे तारणाची खात्री पटलेल्यांच्या भाकरी-द्राक्षरसाला, पुढे गेली नव्हती. टॉर्कल पुढच्या मेजाशी बसायचा, ती मागे. गावात तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. आपलं तारण झालंय अशी खात्री एखाद्याला झाली, की गावाला त्या माणसाबद्दल शंका येते. तेव्हा खात्रीची वाट बघत बसणं हेच रीतीला धरून. कॅलमिना वाट बघत बसली. देवाशी बोलायचं काम टॉर्कलचं. तो घरातल्या सगळ्यांचं बोलत होता आणि तिला वाटायचं, यात आपलंही कुठेतरी येत असेल. बाईने पुरुषांदेखत मोठ्याने प्रार्थना करण्याची तर पद्धतच नव्हती. तिने स्वतःचा तो आवाज कधी ऐकलेला नव्हता.

सप्टेंबरात पेगी-ॲनने एक दिवस तिला दोरीवर कपडे टाकताना बघितलं. एक चिमटा तोंडात, एक हात कुंपणाला धरलेला.

"अगं, तू पडशील अशी. पुस्तकच लपव ना."

"काय?"

"दिसलं नाही की आठवणार नाही. माझ्या बहिणीने नवऱ्याची गाडीची किल्ली लपवली, आठ दिवसांत विसरला."

"किल्ली वेगळी, पेगी-ॲन."

"वेगळी कशी? तीही तो दिवसातून दहा वेळा मागायचा."

गुरुवारी सकाळची पुस्तकं झाल्यावर टॉर्कल शौचाला गेला तेवढ्यात कॅलमिनाने शास्त्र आणि स्तोत्रं, दोन्ही पुस्तकं उचलली. कुठे ठेवावीत सुचेना. कपाटात तो बघेल. गादीखाली ठेवायला जीव झाला नाही. शेवटी तिने ती ओटच्या पिठाच्या पेटीत घातली, वर फडकं टाकलं आणि झाकण लावून त्यावर बटाट्यांची टोपली ठेवली. हात पिठाने पांढरे झाले होते. तिने ते तीनदा धुतले.

आश्चर्य म्हणजे टॉर्कलने काही शोधलं नाही. तो येऊन बसला. मेजावरच्या रिकाम्या जागेकडे त्याने बघितलं, चुलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. अर्धा तास गेला. कॅलमिनाने बांगडे साफ केले, मीठ लावलं, तव्यावर टाकले. त्या वर्षात पहिल्यांदा तिने एक काम सुरू करून सलग संपवलं. पेगी-ॲनचं डोकं चालतं म्हणायचं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात टॉर्कल उठला. त्याने खुंटीवरचा कोट घातला, टोपी हातात घेतली आणि परक्या घरी बोलतात तशा अदबीने म्हणाला, "बराय बाई. चहाबद्दल आभारी आहे. निघतो मी आता."

"कुठे निघालास?"

"घरी. पुस्तकं घ्यायची वेळ झाली." त्याने खोलीवरून एकदा नजर फिरवली आणि तिला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून आवाज खाली आणला. "तुमच्यात घेत नाहीत वाटतं."

तव्यावरचे बांगडे तसेच टाकून ती मागे धावली. बाहेर वारा इतका की दार हातातून सुटून भिंतीवर आपटलं. टॉर्कल म्हाताऱ्या माणसाच्या मानाने फार वेगाने चालत होता. पलीकडे दगडी कठडा, त्यापलीकडे दलदलीची मैलोन्‌मैल मोकळी जमीन. पेगी-ॲन आपल्या दारातून पळत आली आणि तिने त्याला फाटकाशी गाठून त्याच्या कोटाचं बटण धरलं.

"टॉर्कल, अरे आत चल, गारठशील."

"सोडा बाई. मी त्या घरात थांबू शकत नाही."

"का रे बाबा?"

"माणसं चांगली आहेत. पण अधर्मी आहेत."

कॅलमिना हे ऐकायला थांबली नाही. ती परत आत गेली, बटाटे जमिनीवर ओतले, पेटी उघडली आणि पुस्तकं घेऊन बाहेर आली. पांढऱ्या पिठाचा लोट वाऱ्यावर तिच्या मागे उडत होता. फाटकाच्या दगडावर तिने शास्त्र ठेवलं. टॉर्कलने ते बघितलं आणि त्याचे खांदे खाली आले. त्याने पुस्तक उघडलं, फितीशी बोट नेलं, तोंड उघडलं आणि थांबला. बोट ओळीवर सरकत होतं, पण आवाज येत नव्हता. अक्षरं आजपर्यंत त्याच्याकडे आपण होऊन यायची. आज आली नाहीत. त्याने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

"तुम्ही वाचा."

तिने वाचलं. पानं धरायला पेगी-ॲनने हात लावला. अध्याय संपला तसा तो टोपी छातीशी धरून वाट बघत उभा राहिला.

"घरात पुरुष नाही का कुणी?" त्याने विचारलं.

"आहे," कॅलमिना म्हणाली. "त्याला बरं नाही."

"मग तुम्हीच करा."

कॅलमिनाने डोळे मिटले. आत काहीही नव्हतं. शहात्तर वर्षांत स्वतःचा म्हणून एक शब्द तिने तिकडे कधी पाठवलेला नव्हता आणि आज उघड्या रस्त्यावर, पेगी-ॲनदेखत, तो कुठून आणायचा? म्हणून तिच्याकडे जे होतं ते तिने घेतलं. टॉर्कलचे शब्द बावन्न वर्षं त्या खुर्चीच्या बैठकीवर डोकं टेकून तिने ऐकले होते. समुद्रावर असलेल्यांची आठवण. राज्य चालवणाऱ्यांना शहाणपण. गावातल्या विधवा, शहरात गेलेली मुलं, ज्यांना झोप येत नाही ते. एकामागून एक येत गेले. तिचा आवाज खरखरीत होता, पण थांबत नव्हता.

आणि मग ते वाक्य आलं. रोज याच जागी यायचं. इशबेल लहानपणी विचारायची, बाबा हे कुणाबद्दल म्हणतात, आणि कॅलमिना सांगायची, असतं कुणीतरी. ते आपल्याबद्दल आहे, हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. टॉर्कलने या विषयावर तिच्याशी समोरासमोर एक शब्द कधी काढला नव्हता. जे बोलायचं ते देवाशी बोलला, तिच्यादेखत, दिवसातून दोनदा.

"आणि आमच्या चुलीपाशी बसणारा जो एक जीव अजून बाहेर आहे," कॅलमिना म्हणाली आणि थांबली. वाक्य अर्ध्यात सोडायची त्या घरात रीत नव्हती. "त्यालाही तुझ्या वेळेला आत घे."

"आमेन," टॉर्कल म्हणाला. त्याने टोपी घातली, फाटक उघडून धरलं आणि दोघींकडे बघून घरधन्याच्या मोकळेपणाने म्हणाला, "चला, चला आत. बाहेर गार आहे. माझी बायको चहा करील."

त्या दिवसापासून पुस्तकं कॅलमिना घेऊ लागली. वाचायची ती, गायची ती, प्रार्थना तिची. दिवसातून आठ वेळा, कधी दहा. एकदा केली की टॉर्कल घरात असायचा. अर्ध्या तासाने तो पुन्हा पाहुणा व्हायचा आणि डोळे खुंटीकडे जायचे. पाळकसाहेब रस्त्यात भेटले, म्हणाले, ऐकलं मी, फार चांगलं करताय. तिने त्यांना सरळ विचारलं, "एका माणसाचे शब्द त्याला घरी ठेवण्यासाठी त्यालाच परत ऐकवायचे, याला प्रार्थना म्हणतात का?" पाळकसाहेबांचे कान आणखी लाल झाले. ते म्हणाले, मी यावर वाचून सांगतो.

नोव्हेंबरात ती गुडघ्यांवरून उठू शकली नाही. कर्स्टी येईपर्यंत वीस मिनिटं ती तशीच खुर्चीला धरून राहिली आणि टॉर्कल शेजारी बसून तिला सांगत होता, बाई, घाई नाही. संध्याकाळी इशबेलचा ॲबरडीनहून फोन आला.

"आई, मी चौकशी केली. तिकडे शहरातल्या वृद्धाश्रमात एक जागा होतेय."

"हं."

"हं काय? अशाने तू मरशील."

"सगळेच मरतात."

"विनोद करू नकोस गं."

"विनोद नाही करत."

"तिथे प्रार्थना असते, मी विचारलं मुद्दाम. दर बुधवारी पाळक येतात."

"आणि गुरुवारी तो कोट घालून कुठे जाईल?"

"दाराला कुलूप असतं, आई."

कॅलमिनाने तीन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, दोन उपासनांच्या मध्ये जेवढा होतो तेवढा. चौथ्या दिवशी वृद्धाश्रमाच्या बाईंशी बोलणं झालं. बाई म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी अकराला मी फोन करते, हो की नाही तेवढं सांगा. यादीत तुमच्या खाली अकरा नावं आहेत. तुम्ही सापडला नाहीत तर मला पुढच्या घरी विचारावं लागेल, माझा नाइलाज आहे. कॅलमिनाने ठरवलं, हो म्हणायचं. गुरुवारी तिने टॉर्कलचे लोकरीचे मोजे, दोन सदरे आणि खुंटीवरचा काळा कोट काढून बॅगेत भरला. कोट परत काढला. मग पुन्हा भरला.

शुक्रवारी दहाला पुस्तकं झाली होती. अकराला वीस कमी असताना टॉर्कल खुर्चीच्या कडेला आला.

"बराय बाई..."

"थांब जरा. फोन यायचाय."

"तुमचा फोन येऊ दे. मला मात्र निघायला हवं." तो उठला. कोट खुंटीवर नव्हता, बॅगेत होता. तो तसाच सदऱ्यावर दाराकडे निघाला. बाहेर गारांचा मारा चालला होता.

"बस," कॅलमिना म्हणाली. "घेऊ या आपण."

तिने दोन कडव्यांचं स्तोत्र निवडलं. वीस मिनिटांत अध्याय आणि प्रार्थना उरकेल, असा तिचा हिशेब. मग तिने फितीपाशी पुस्तक उघडलं. बारा वंशांचे बारा सरदार देवासाठी दानं आणतात, तो अध्याय होता. शास्त्रात याहून लांब प्रकरणं फारशी नाहीत. बाराही जण अगदी तंतोतंत तेच आणतात: तीच चांदीची परात, तोच कटोरा, तोच धूप, तेवढेच बैल, तेवढेच मेंढे. पहिल्याचं लिहून झाल्यावर बाकीच्यांनीही तसंच आणलं, असं एका ओळीत म्हणता आलं असतं. लिहिणाऱ्याने म्हटलेलं नाही. त्याने बाराही वेळा पहिल्यापासून सगळं लिहिलंय, जणू देवासमोर अशी परात यापूर्वी कधी आलीच नव्हती.

चार पानं उलटली असती तर टॉर्कलला कळलं नसतं. पानांच्या कडेला तिचा अंगठा गेलाही. पण त्या घरात कधी कुणी गाळलं नव्हतं आणि टॉर्कल डोळे मिटून बसला होता, दर परातीला मान हलवत, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. तिने भरभर वाचायला सुरुवात केली. पाचवा सरदार, सहावा. त्याने डोळे न उघडता हात पुढे करून तिच्या बाहीची कड दोन बोटांत धरली. सातवा सरदार झाला. आठवा.

नवव्या सरदाराच्या कटोऱ्यापाशी आतल्या बोळातला फोन वाजू लागला.

पुस्तकं चालू असताना फोनसाठी त्या घरात कुणी उठत नसे. घरात फोन बसला तेव्हापासूनचा तो नियम होता आणि तो मोडायला चार पावलं पुरेशी होती. कॅलमिनाने उठण्यासाठी मेजावर हात टेकला. गुडघ्यांनी ऐकलं नाही, की बाहीवरची दोन बोटं जड होती, की तिने उठायचा प्रयत्न केलाच नाही, हे तिला पुढे इशबेलला सांगता आलं नाही. इशबेलने विचारलं मात्र पुष्कळदा. कॅलमिनाचं तर्जनीचं बोट ओळीखाली होतं आणि डोळ्यांना पाणी आलेलं असल्यामुळे ते बोट उचललं असतं तर ओळ सापडली नसती. एवढंच तिला आठवत होतं.

फोन वाजत राहिला. ती वाचत राहिली, जरा मोठ्याने. धूप, बैल, मेंढे.

"बाहेर कुणी आलंय का?" टॉर्कलने विचारलं.

फोन बंद पडला.

"नाही," कॅलमिना म्हणाली, आणि तिने दहावा सरदार वाचायला घेतला.